यशाची गोष्ट खर्चासकट सांगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नवी मुंबईत गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापासून नोडानोडांतल्या समाजमंदिरांपर्यंत सगळीकडे त्याच खुर्च्या, तोच हार, तीच शाल आणि तेच श्रीफळ. मंचावर प्रमुख पाहुणा म्हणून शून्यातून वर आलेला एखादा उद्योजक असतो, कधी नुकताच परीक्षा पास झालेला अधिकारी असतो, कधी नगरसेवकाच्या ओळखीतला एखादा 'मोटिव्हेशनल स्पीकर'. भाषणाचा साचा पाठ झालेला असतो. आधी हलाखी, मग जिद्द, मग अपमान, मग एक दिवस फळाला आलेले कष्ट. शेवटी 'तुम्हीसुद्धा हे करू शकता' आणि टाळ्या.

यात खोटं काहीच नसतं. हलाखी खरी असते, कष्टही खरे असतात. तरीही घणसोलीच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीतून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा ते भाषण ऐकून घरी जातो, तेव्हा सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे त्याला कळलेलं नसतं. कष्ट त्याचे आईवडील रोजच करतात, आणि नुसत्या कष्टानं सगळं होत नाही हे त्यानं घरातच पाहिलेलं असतं. त्याला हवी असते ती वाट, म्हणजे कुठल्या दारातून आत शिरायचं, दार कुणी उघडलं, आत गेल्यावर पहिला पगार किती होता आणि तोवर घर कोणी चालवलं. नेमका हाच तपशील भाषणात गाळलेला असतो, कारण तो विचारायचा असतो हे आयोजकांना सुचत नाही आणि सांगायचा असतो हे वक्त्याला वाटत नाही.

अनुभवी माणसाकडून शिकायचं तर त्याची सुभाषितं बाजूला ठेवून त्याचा जमाखर्च मागावा लागेल. नवी मुंबईइतकी या कामाला योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. हे शहर उभंच राहिलं ते बाहेरून आलेल्यांच्या कष्टांवर आणि इथल्यांनी गमावलेल्या जमिनींवर. यशाच्या मोठमोठ्या गोष्टी इथे घडल्या आहेत, आणि त्या नीट उलगडून पाहिल्या तर प्रत्येकीत एकापेक्षा जास्त माणसं सापडतात.

अशोक खाडे यांची गोष्ट त्यांपैकी सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं पेड हे त्यांचं गाव. चर्मकार कुटुंब, सहा भावंडं. वडील मुंबईत दादरला चित्रा टॉकीजजवळ झाडाखाली बसून चपला शिवायचे, आई गावात दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. आज ते नवी मुंबईतून चालणाऱ्या 'दास ऑफशोअर' या कंपनीचे प्रमुख आहेत. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारे प्रचंड लोखंडी सांगाडे बांधण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं काम ही कंपनी करते. २०११ च्या सुमारास देशातल्या आणि परदेशातल्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले, तेव्हा कंपनीत साडेचार हजारांच्या आसपास माणसं काम करत असल्याचं नोंदवलं गेलं. ज्या शेतात आई राबली, त्याच गावात त्यांनी पुढे जमीन घेतली. ज्या देवळात एके काळी प्रवेश नव्हता, त्याच्या उभारणीला पैसा दिला.

मंचावर एवढं सांगून संपतं. पण याच गोष्टीतले मधले दुवे पाहायला हवेत.

खाडे तासगावला वसतिगृहात राहून शिकले. दुष्काळाचे दिवस होते. शालान्त परीक्षेच्या वेळी पेनाची निब बदलायलाही पैसे नव्हते, ते एका शिक्षकांनी दिले, असं ते सांगतात. डॉक्टर व्हायचं होतं, पण घरची परिस्थिती आड आली. थोरला भाऊ दत्तात्रय आधीच माझगाव डॉकमध्ये उमेदवारीला लागला होता. त्याच्या मागोमाग १९७५ मध्ये अशोक खाडेही तिथेच उमेदवार म्हणून लागले. विद्यावेतन महिना ९० रुपये. अक्षर वळणदार होतं म्हणून त्यांना जहाजाच्या आराखड्यांच्या विभागात घेतलं गेलं. पुढे ते ड्राफ्ट्समन म्हणून कायम झाले आणि पगार ३०० रुपयांवर गेला. संध्याकाळच्या वर्गात बसून त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदविका घेतली. १९८३ मध्ये पाणबुडी प्रकल्पाच्या कामासाठी कंपनीनं त्यांना जर्मनीला पाठवलं. तिथे एका सहकाऱ्याची पगाराची चिठ्ठी नजरेस पडली. त्याचा पगार खाडे यांच्या पगाराच्या बारा पट होता. स्वतःचा धंदा करायचा, हे त्यानंतर डोक्यात पक्कं झालं. मग नव्वदच्या दशकात तिघा भावांनी मिळून कंपनी काढली. दत्ता, अशोक आणि सुरेश यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव 'दास' पडलं, आणि सुरुवातीची कामं मिळाली ती ज्या माझगाव डॉकमध्ये आयुष्य घडलं तिथूनच.

आता या गोष्टीत किती जण आहेत ते मोजावं. वसतिगृह आहे. निबेचे पैसे देणारे शिक्षक आहेत. आधी जाऊन वाट करून ठेवणारा मोठा भाऊ आहे. वळणदार अक्षर ओळखून मुलाला वेल्डिंगऐवजी ड्रॉइंग बोर्डापाशी नेणारा कुणी वरिष्ठ आहे. सरकारी मालकीचा कारखाना आहे, तिथली उमेदवारी आहे, पगारी माणसाला शिकू देणारे संध्याकाळचे वर्ग आहेत, सरकारी खर्चानं घडलेली परदेशवारी आहे. आणि मालकाच्या भूमिकेत उतरण्यापूर्वीची माझगाव डॉकमधली अनेक वर्षं आहेत, ज्यांत ओळखी झाल्या, कामातल्या खाचाखोचा कळल्या आणि पोलादाची गणितं पक्की झाली. हे सगळं बाजूला काढलं तर उरते नुसती जिद्द. जिद्द पेडमधल्या इतर घरांतही असेलच.

आणखी एक गोष्ट मंचावरून क्वचितच सांगितली जाते. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात खाडे आपल्या व्हिजिटिंग कार्डावर आडनाव पूर्ण लिहीत नसत, कारण आडनावावरून जात कळली तर काम हातचं जाईल ही धास्ती होती. हे त्यांनी स्वतः पत्रकारांना मोकळेपणानं सांगितलं आहे. यशाच्या वाटेवर माणसाला काय झाकून चालावं लागतं, याचा हा धडा कुठल्याही सुविचारापेक्षा जास्त शिकवतो. धंदा करू पाहणाऱ्या दलित तरुणाला त्यातून कळतं की भांडवल उभं करणं हे अर्धंच काम आहे, बाजारात नाव उच्चारलं जाणं हे दुसरं अर्धं. याच अडचणीवर उत्तर शोधत मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संस्था उभी केली. २०१२ मध्ये केंद्र सरकारनं सार्वजनिक खरेदीचं धोरण ठरवलं, त्यात सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायच्या २० टक्के खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून व्हावी असा नियम आला. खाडे यांच्या पिढीला जे झाकावं लागलं, त्याच ओळखीवर पुढच्या पिढीला निविदेत जागा मिळाली. एका माणसाच्या अनुभवाचं धोरण होतं ते असं, आणि हा प्रवास ऐकणाऱ्यांपर्यंत पोचायला हवा.

दुसरी गोष्ट वाशीच्या बाजार समितीतली. इथे कुणी एकटा वर आला नाही. हजारो माणसं एकदमच एक पायरी वर चढली.

मुंबईतल्या मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांतला घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्यानं वाशीला आला. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं अशी पाच मार्केटं उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर पाठीवर गोणी वाहणारा माथाडीही खाडी ओलांडून आला. सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेली ही माणसं. पाटण, जावळी, कोरेगावच्या घरांत 'पोरगा मुंबईला असतो' म्हटलं की बऱ्याचदा तो गोदीत, वखारीत नाहीतर मार्केटात ओझं उचलत असायचा. रात्री गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं. दुखणं आलं की गावाला परतायचं आणि हातपाय थकले की कायमचं परतायचं.

पाटण तालुक्यातून मुंबईत आलेल्या आणि स्वतः हमाली केलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी १९६० च्या दशकात या माणसांची संघटना बांधली. त्या रेट्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. असंघटित कष्टकऱ्यांसाठी असा कायदा तोवर देशात नव्हता. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. माथाडीला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर असं त्याचं काम. मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? कायद्यानं उत्तर काढलं ते मंडळाचं. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ नेमायचं. व्यापाऱ्यानं आणि कामगारांच्या टोळीनं त्याकडे नोंदणी करायची. मजुरी थेट हातावर न ठेवता मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार आणि औषधपाणी असं सगळं निघायचं.

परिणाम कोपरखैरणे आणि घणसोलीच्या माथाडी वसाहतींत दिसतो. गोणी उचलणाऱ्याच्या नावावर घर झालं. मुलगा शाळेत गेला, मुलगी कॉलेजात गेली, नातवंडं आज ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला जाताना दिसतात. या कुटुंबांच्या वर येण्यात कुणाचं तरी कपाळ नशीबवान होतं असं म्हणता येत नाही. पगाराची पावती होती, फंड होता, आजारपणात कर्जात न बुडण्याची सोय होती. माणसाचा विकास म्हणून ज्याची पुस्तकं विकली जातात, त्याची सुरुवात बहुतेक घरांत अशीच कोरडी असते. महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे येतात, आणि म्हणून पुढच्या वर्षाचा विचार करण्याची मुभा मिळते.

अण्णासाहेबांच्या आयुष्याचा शेवट मात्र सत्काराच्या भाषणात बसत नाही. विधान परिषदेचे आमदार असतानाच त्यांनी मराठा समाजाच्या आरक्षणासाठी २२ मार्च १९८२ रोजी मुंबईत मोर्चा काढला. मागणी पदरात पडली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जीवन संपवलं. दर वर्षी २५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीनिमित्त नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो, नेते येतात, घोषणा होतात. १९९८ मध्ये त्यांच्या नावानं आर्थिक मागास विकास महामंडळही निघालं आणि त्याच्या व्याज परताव्याच्या योजनेतून अनेक तरुणांनी वाहनं घेतली, दुकानं टाकली. पण ज्यानं हजारोंची घरं उभी केली त्याच्यावर अशी वेळ का आली, यावर बोलायला कुणी धजावत नाही. नेतृत्वाची किंमत किती असते आणि ती एकट्यानं मोजावी लागू नये म्हणून संघटनेनं काय करायला हवं, हा धडाही त्याच आयुष्यात आहे.

कायदा झाला म्हणजे काम संपलं असंही होत नाही. पन्नास किलोंहून जड गोणी पाठीवर देऊ नये ही साधी मागणी माथाडींना बाजार समितीत वर्षानुवर्षं लावून धरावी लागली. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं, तेव्हा संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि संप पुकारला. त्या वेळी राज्याच्या कामगार खात्याचे मंत्री होते सुरेश खाडे, म्हणजे 'दास'मधले तिसरे भाऊ. नवी मुंबईतल्या यशाच्या दोन मोठ्या गोष्टी अशा एका टेबलावर समोरासमोर आल्या. कोण बरोबर आणि कोण चूक हा वेगळ्या लेखाचा विषय. पण एकाच्या यशातून दुसऱ्याचं भलं आपोआप होत नाही, ते दर वेळी नव्यानं मागून घ्यावं लागतं, एवढं या प्रसंगातून दिसतं.

तिसरी गोष्ट इथल्या भूमिपुत्रांची. ती या दोन्हींपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबायला हवं.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी गावं ही. जासई गावचे दि. बा. पाटील व्यवसायानं वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते. पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झालेल्या या माणसाला गावागावांत आजही नुसतं 'दि. बा.' म्हणतात. त्यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. नुसता भाव वाढवून मागण्यापलीकडे दि. बा. गेले, हे त्यांचं वेगळेपण. जमिनीची किंमत जमीन गेल्यानंतर वाढते, रस्ते-वीज-पाणी आल्यावर वाढते, आणि त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा हवा, हा त्यांचा मुद्दा होता. त्यातून आली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना.

हिशेब सोपा आहे. एकरभर, म्हणजे ४० गुंठे जमीन गेली तर साडेबारा टक्क्यांनी ५ गुंठे होतात. त्यातला दीड गुंठा सामाजिक सुविधांसाठी कापला जातो. हातात उरतात साडेतीन गुंठे, म्हणजे साधारण ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक धरला तर सुमारे ५३० चौरस मीटर बांधकाम होतं. एके काळी भात पिकवणाऱ्या त्या जमिनीच्या बदल्यात खारघर किंवा सीवूड्समध्ये एक छोटी इमारत उभी राहू शकते. देशभरात विस्थापितांना जे मिळालं त्याच्याशी तुलना केली तर ही फार मोठी जीत होती.

मग पुढे काय झालं? इथे अनुभव दुभंगतो. काहींनी भूखंड स्वतःकडे ठेवला, बिल्डरबरोबर निम्म्या-निम्म्या वाट्यानं इमारत बांधली, फ्लॅट भाड्यानं दिले आणि आज त्या भाड्यावर तिसरी पिढी शिकते आहे. काहींच्या हातात भूखंड यायला इतकी वर्षं गेली की तोवर घरात चार वारस आणि दोन दावे उभे होते. अनेकांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचं वाटपपत्र येण्याआधीच हक्क विकून टाकला आणि नंतर त्रिपक्षीय करारावर सही करून मोकळे झाले. विकत घेणाऱ्याला मेट्रो, स्टेशन, पूल यांचा नकाशा माहीत होता आणि विकणाऱ्याला घरातलं लग्न दिसत होतं. पैसा आला तसा गाडीत, बंगल्यात आणि हळदीच्या मांडवात गेला. याबद्दल बाहेरच्यांनी नाकं मुरडायची गरज नाही. आगरी-कोळी समाजातली जाणती माणसंच गेली काही वर्षं हळदीच्या अवाढव्य खर्चाविरुद्ध बोलत आहेत, गावकीत ठराव करत आहेत. अचानक आलेल्या पैशाशी कसं वागायचं हे शिकवणारी शाळा त्यांच्याकडे नव्हती. सरकारनं भूखंड दिला, पण त्याचं काय करायचं याचा सल्ला देणारं कुणी दिलं नाही. ती जागा दलालांनी भरून काढली.

या तिसऱ्या गोष्टीतला सर्वांत जाणता माणूस कोण? कुणी म्हणेल, भाड्यावर सुखानं जगणारा. पण त्याच्याइतकाच, कदाचित त्याच्याहून जास्त, शिकवू शकेल तो भूखंड विकून पस्तावलेला. सही कुठे केली, दलालानं कुठला कागद पुढे केला, कुठला कागद दाखवला नाही, घरातल्या बहिणींची संमती कशी घेतली गेली, पैसा किती महिन्यांत संपला, हे त्याला तारीखवार ठाऊक आहे. पण त्याला शाल कोण देणार? आपल्याकडे अनुभवाला किंमत येते ती शेवट गोड झाला असेल तरच.

स्पर्धा परीक्षांच्या जगात हीच गफलत अधिक ठळक दिसते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दर वर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते ती हजाराच्या आसपास उमेदवारांची. व्याख्यानं होतात ती या हजारातल्याच कुणाची. तो सांगतो की रोज चौदा तास अभ्यास केला, सोशल मीडिया सोडलं, स्वतःवर विश्वास ठेवला. हेच सगळं करून न निवडले गेलेले हजारो जण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत नाहीतर गावी परत गेलेले असतात. त्यांना कुणी बोलावलं तर मुलांना कळेल की किती प्रयत्नांनंतर थांबावं, दुसरी वाट कधीपासून तयार ठेवावी, तिशीतली पहिली नोकरी कशी मिळते. त्या मुलांना याची गरज टॉपरच्या वेळापत्रकापेक्षा जास्त आहे.

चुकलेलं मोकळेपणानं सांगणं कसं असतं याचं उदाहरणही याच शहराच्या जन्मकथेत आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि शिरीष पटेल तिथल्या नियोजनाच्या कामात अग्रभागी होते. देशातला पहिला उड्डाणपूल मानला जाणारा मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा पूलही त्यांच्याच हातचा. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. एवढी कमाई असलेला माणूस मिरवत राहिला असता तरी चाललं असतं. पण राज्य सरकारची कार्यालयं नव्या शहरात हलवायची हा योजनेचा कणा होता आणि तोच मोडला, हे ते वर्षानुवर्षं लिहीत आणि बोलत राहिले. सरकार बेलापूरला गेलं नाही, उलट नरिमन पॉइंटला भराव टाकून इमारती उठत राहिल्या. वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला, पण लोकल वाशीत पोचायला १९९२ उजाडलं. वीस लाख लोकसंख्या डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या या शहराच्या महापालिका क्षेत्रात २०११ च्या जनगणनेत ११ लाखांच्या आसपास लोक होते. नियोजनकारानं आपल्याच योजनेचं असं शवविच्छेदन मांडलं, म्हणूनच त्याचा अनुभव पुढच्या शहरं आखणाऱ्यांच्या कामाला आला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पंधरा वर्षांच्या मुलासमोर लेव्ही, चटईक्षेत्र आणि निविदांची टक्केवारी मांडली तर तो जांभया देईल. त्याला उमेद हवी असते, आणि उमेद गोष्टीतून येते. वस्तीतल्या मुलाला आपल्यासारखाच कुणी तरी त्या खुर्चीत बसलेला दिसणं ही छोटी बाब नाही. खाडे यांच्यासारखा माणूस समोर उभा राहिला की न बोलताही काही पोचतं. हे सगळं मान्य. पण नेमकेपणानं उमेद कमी होते हे मात्र खरं नाही. ९० रुपयांचा आकडा ऐकला की मुलाला गोष्ट जवळची वाटते. आयटीआय आणि उमेदवारी हे शब्द ऐकले की त्याला कळतं की आपल्याही हाताला लागेल असं एक दार आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आजही लागू आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत उमेदवार घेतलेही जातात. वक्त्यानं त्या दाराचा पत्ता सांगितला तर त्याच्या जिद्दीची गोष्ट दुप्पट कामाची ठरेल.

म्हणून आयोजकांनी निमंत्रण देतानाच वक्त्याला पाच प्रश्न लिहून पाठवावेत. पहिलं काम कुणामुळे मिळालं? तुम्ही शिकत किंवा धडपडत असताना घर कोणाच्या कमाईवर चाललं? पहिलं भांडवल किती होतं आणि ते कुठून आलं? तुमच्याबरोबर निघालेल्यांपैकी जे पोचले नाहीत, ते कुठे अडले? आणि आज परत वेळ आली तर कुठली सही करणार नाही? उत्तरं द्यायला काही जण कचरतील. थोरल्या भावाचं शिक्षण सुटलं होतं, बायकोचे दागिने गहाण पडले होते, सासऱ्यांनी पैसे दिले होते, हे चारचौघांत सांगणं सोपं नसतं. पण ज्या बाईचे दागिने गहाण पडले, तिचं नाव त्या निमित्तानं पहिल्यांदाच मंचावरून घेतलं जाईल. महापालिकेच्या शाळांनी तर एक पाऊल पुढे जावं आणि पालकांमधल्याच निवृत्त माथाडीला वर्गात बोलवावं. मंडळाचं पासबुक घेऊन तो आला की टक्केवारीचं गणित आणि नागरिकशास्त्राचा धडा दोन्ही एका तासात होतील.

या सगळ्याची तातडीची गरज आज कुठे असेल, तर ती विमानतळाच्या गावांत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी पनवेल परिसरातली दहा गावं उठली, आणि तिथल्या कुटुंबांना साडेबारा नव्हे तर साडेबावीस टक्क्यांच्या योजनेतून भूखंड मिळाले. उलवे, वडघर, करंजाडे, पुष्पकनगर या भागांत आता दलालांची वर्दळ आहे, आणि कागद घेऊन येणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांचा नकाशा आजही जमीन विकणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खारघर, नेरूळ, घणसोलीच्या गावठाणांत साडेबारा टक्क्यांच्या करारांवर सह्या केलेली माणसं हयात आहेत. काही भाडं खातात, काही भाडं भरतात. ग्रामस्थ मंडळांनी दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यांच्या जुन्या करारांच्या झेरॉक्ससह एका संध्याकाळी बोलवावं, सोबत जमिनीचे व्यवहार जाणणारा एखादा वकील बसवावा, आणि साडेबावीस टक्केवाल्यांच्या घरातल्या लेकीसुनांना पहिल्या रांगेत जागा द्यावी, कारण संमतीच्या कागदावर सही त्यांचीही लागते.